दिव्याखालच्या कुंड्या

सकाळचे सात वाजून गेलेत, पण लखनौमधल्या निशातगंजच्या या गल्लीत ते कुणी कबूल करायला तयार नाही. धुकं समोरच्या घराच्या छज्ज्यापर्यंत उतरलंय. कोपऱ्यावरच्या चहावाल्याची शेगडी पेटलेली आहे. चहावाला दिसत नाही, आल्याचा वास तेवढा येतोय. खांबावरचा पांढरा दिवा अजून जळतोच आहे, आणि त्याच्या बरोबर खाली मावशी शालीत गुरफटून, कमरेवर हात ठेवून, आपल्याच ओट्याकडे रागाने बघत उभी आहे.

ओट्यावर शेवंतीच्या कुंड्यांची रांग आहे. झाडं गुडघ्याच्या वर गेलेली, पानं गर्द हिरवी, खोडं जाड. फूल एकही नाही. शेंड्याला वाटाण्याएवढ्या टणक कळ्या, आणि त्या कळ्यांखालची पानं नेहमीसारखी कातरलेली नाहीत, अरुंद, पट्टीसारखी निघालेली.

गच्चीवरून माळी एकेक कुंडी छातीशी धरून खाली आणतोय. त्यांतली फुलं मात्र ताटलीएवढी फुलली आहेत. पांढरी, गंधकी पिवळी, एक जुन्या पैठणीतल्या जांभळ्याच्या जवळ जाणारी. प्रत्येक दांड्याला बांबूची काडी, फुलाच्या मानेखाली तारेचं कडं. माळी जुन्या हिंदी वर्तमानपत्राचा कोन करतो, फुलावर टोपीसारखा अलगद बसवतो आणि सुतळीने एक सैल गाठ मारतो. ई-रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. उद्यापासून गोमतीपलीकडे, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या बागेत, शेवंती आणि कोलियसचं दरवर्षीचं प्रदर्शन आहे. कुंड्या आज पोचवायच्या.

"एकाच दिवशी लावल्यात या सगळ्या," मावशी मला म्हणते. "एकाच आईच्या काश्या. खत तेच, पाणी तेच, हात याचाच. आता वरच्या बघ आणि या बघ."

माळी कुंडी ठेवतो, कंबर सरळ करतो, खांबाकडे हनुवटी उडवतो. "अम्माजी, इनको बत्ती लग गई है।"

दृष्ट लागल्याचं सांगावं त्याच सुरात तो हे सांगतो. मला हसू येतं, पण त्याने सांगितलंय ते वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकाला मान्य होईल. शेवंती रात्र लांबली की फुलते. या ओट्यावर रात्र लांबतच नाही. सूर्य मावळतो आणि दिवा लागतो.

पूर्वी इथे पिवळा दिवा होता, मावशी सांगते. तो महिन्यातले निम्मे दिवस बंद असायचा. लागलाच तर वीज जायची. "आम्ही किती शिव्या दिल्या त्याला! आता कळतंय, तो बंद असायचा म्हणून माझी शेवंती फुलायची." नवा दिवा आला, तो कधी बंद पडत नाही, आणि विजेचं जाणंही आता फार राहिलं नाही. गल्लीची सोय झाली आणि ओट्यावरच्या फुलांची पंचाईत.

मी गच्चीवर जाते. जिना अरुंद, पायऱ्या दवाने ओल्या. वर पाण्याच्या टाकीमागे दिव्याचा उजेड पोचत नाही. प्रदर्शनाच्या कुंड्या तिथे वाढल्या. पण कठड्याच्या कोपऱ्यात एक मोठी कुंडी राहिलीय, ती माळ्याने मुद्दाम नेलेली नाही. ते झाड निम्मं फुललंय. टाकीच्या सावलीतल्या फांद्यांवर छोटी पिवळी फुलं दाटलीत. गल्लीकडे झुकलेल्या फांद्यांवर नुसत्या हिरव्या कळ्या. मी कठड्यावरून वाकून बघते. दिवा तिथून सरळ दिसतो.

या एका कुंडीपुढे मला उभं राहावंसं वाटतं, कारण रशियातल्या मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञाने 1930च्या दशकात असाच प्रयोग शेवंतीवरच केला होता. त्याने झाडाच्या शेंड्याची पानं काढून टाकली आणि शेंड्याला लांब दिवस दिला. खालच्या पानांना मात्र लहान दिवस आणि लांब रात्र दिली. शेंड्याला फुलं आली. उलट केलं, पानांना लांब दिवस आणि शेंड्याला लहान, तेव्हा आली नाहीत. म्हणजे काळ मोजणारी पानं आणि फुलणारा शेंडा. मधे काहीतरी निरोप जातो. त्या निरोपाला त्याने 'फ्लोरिजेन' असं नाव देऊन टाकलं. तो पदार्थ म्हणजे नेमकं कुठलं प्रथिन, हे कळायला 2007 साल उजाडावं लागलं. मावशीच्या कठड्यावरच्या या झाडात हा निरोप एका बाजूच्या फांद्यांना मिळालाय आणि दुसऱ्या बाजूच्या अजून वाट बघतायत.

त्याआधी, 1920मध्ये, गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शेतीखात्यातल्या दोघांनी तंबाखूच्या एका अवाढव्य जातीचं कोडं सोडवलं होतं. ती उन्हाळ्यात नुसती उंच वाढायची, फुलायचं नाव नाही. त्यांनी खत बदललं, ओल बदलली, ऊब बदलली. शेवटी कुंड्या रोज दुपारी अंधाऱ्या खोपटात ढकलल्या आणि दिवस कृत्रिमरीत्या आखूड केला. तंबाखू फुलली. दिवसाची लांबी फुलांचा काळ ठरवते हे तेव्हा पहिल्यांदा पक्कं झालं. पण त्यातही अर्धी गंमत राहिली होती. 1938मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बोंडांच्या झान्थियम तणावर, लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला. तेवढ्याने फुलणं थांबलं. दिवसाच्या मधोमध अंधार केला तर मात्र काहीच बिघडलं नाही. झाड दिवस मोजत नव्हतं. ते सलग अंधार मोजत होतं, आणि त्यात खंड पडला की मोजणी पहिल्यापासून सुरू.

"क्या देख रही हैं दीदी?" माळी वर आलाय. मी निम्म्या फुललेल्या झाडाकडे बोट दाखवते.

"यह गवाह है हमारा," तो म्हणतो. मावशी त्याच्यावर खत कमी टाकल्याचा आळ घेत होती म्हणे, म्हणून साक्षीपुराव्यासाठी ठेवलंय.

लखनौ माझ्या पुण्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, आणि फुलांच्या हिशेबात तेवढ्याने खूप फरक पडतो. इथे 21 जूनच्या आसपास सूर्य जवळजवळ पावणेचौदा तास वर असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साडेदहा तासांच्या आत बाहेर. पुण्यात हेच आकडे सुमारे सव्वातेरा आणि अकरा. म्हणजे लखनौचा दिवस सहा महिन्यांत सव्वातीन तासांहून जास्त आखडतो, पुण्याचा जेमतेम सव्वादोन. शेवंतीच्या बऱ्याच जातींची कळी, दिवस साडेतेरा तासांच्या खाली गेला की नीट वाढायला लागते. लखनौत तो उंबरठा पावसाळ्यात ओलांडला जातो. पुण्यात दिवस त्या उंबरठ्याच्या वर कधी जातच नाही, म्हणून आपल्याकडे व्यापारी शेवंती लावणाऱ्याला नेमकी उलटी खटपट करावी लागते. पुणे जिल्ह्यात रात्री रस्त्याने जाताना एखादं शेत बल्बांच्या माळांनी उजळलेलं दिसतं ना, ते लग्नाचं नसतं. झाड हवं तेवढं उंच होईपर्यंत मध्यरात्रीचे तीन-चार तास उजेड देऊन त्याला फुलण्यापासून रोखून धरलेलं असतं. मग एके दिवशी दिवे बंद करायचे. त्या तारखेपासून जातीप्रमाणे आठ-दहा आठवड्यांनी तोडणी. आणि उत्तरेकडच्या पॉलिहाऊसवाल्याला उन्हाळ्यात फुलं हवी असतील तर संध्याकाळी काळा कपडा ओढायचा आणि सकाळी काढायचा.

शेतकरी पैसे मोजून जे करतो, ते या गल्लीत खांबावरचा दिवा फुकट करतोय. फक्त बंद करायची तारीख कुणाच्या हातात नाही.

खाली चहा आलाय. माळी काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरून ओट्यावर बसतो आणि मी विचारलं नसताना वर्षाचा हिशेब मांडतो. फागुनात जुन्या झाडाच्या बुडाशी निघालेल्या काश्या वेगळ्या करायच्या. उन्हाळाभर त्या नुसत्या जगवायच्या, सावलीला. पाऊस लागला की शेंड्याची कलमं, मग लहान कुंडी, मग मोठी. माती तो स्वतः कालवतो: गोमतीची रेती, कुजलेलं शेण, पानांचं खत. शेंडा खुडायचा म्हणजे फांद्या फुटतात. पण हे खुडणं कधी थांबवायचं, यातच सगळी मेख. "राखी के बाद हमारी कैंची बंद।" उशिरा खुडलं तर फांदीला कळी धरायला वेळ मिळत नाही, फार लवकर थांबलं तर झाड लांबोडं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कळ्या दिसतात. मग प्रत्येक दांड्यावर एकच कळी ठेवून बाजूच्या सगळ्या नखाने काढायच्या. मोहरीच्या पेंडीचं पाणी कळीला रंग दिसेपर्यंत. रंग दिसला की बंद.

"और इस बार कुआर गरम रहा," तो म्हणतो. आश्विनातला उष्मा शेवंतीला खपत नाही. रात्र लांब मिळूनही हवा तापलेली असली तर कळी अडते, मग पुढे थंडी पडली की हळूहळू निघते. हे तो एका वाक्यात सांगतो, पण फुलांच्या वेळेचा निम्मा गुंता इथेच आहे. उजेड परवानगी देतो. ती वापरायची केव्हा हे ऊब ठरवते. लखनौच्या डिसेंबरात पहाटेचा पारा दहाच्या खाली सहज उतरतो, आणि धुक्यामुळे दुपारपर्यंत ऊन मिळत नाही. अशा वेळी आठवड्यात उघडणारी कळी दोन आठवडे घेते. म्हणून यंदा वरच्या कुंड्याही अगदी काठावर आल्यात. कालपर्यंत जांभळीची मधली चार-पाच वेटोळी बंद होती. माळ्याने ती कुंडी रात्री स्वयंपाकघरात ठेवायला लावली. मावशीने ठेवली. दिवा बंद ठेवून, आणि मला रात्री पाणी प्यायला जाताना अंधारात चाचपडायला लावून.

रिक्षा भरते. मला मागे कुंड्यांमध्ये कोंबलं जातं. माळी पुढे बसतो आणि दर खड्ड्याला मागे वळून माझ्याकडे न बघता फुलांकडे बघतो. निशातगंजचा पूल धुक्यात अर्धाच दिसतोय. गोमती आहे असं गृहीत धरायचं. पलीकडे उतरून सिकंदरबाग चौक. इथे ऊदादेवीचा पुतळा आहे, बंदूक घेतलेला. 1857च्या नोव्हेंबरात याच बागेत लढाई झाली, दोन हजारांच्या आसपास हिंदी शिपाई मारले गेले, आणि झाडावर बसून गोळ्या झाडणारी ही पासी समाजातली स्त्री लोकांच्या आठवणीत राहिली. बाग वाजिद अली शाहची, त्याच्या बेगमेच्या नावाची. त्या बागेच्या परिसरात पुढे प्रा. कैलासनाथ कौल यांनी वनस्पती उद्यान उभं केलं. 1953मध्ये ते वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेलं आणि 1978मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. लखनौकर मात्र अजून 'बॉटॅनिकल गार्डन' म्हणतात आणि सकाळी तिथे फिरायला जातात.

हिरवळीवर मांडव पडलेत. कुंड्या येतायत: रिक्षांतून, गाड्यांच्या डिकीतून, एक तर सायकलच्या मागे बांधून. पाकळ्या आत वळलेल्यांची रांग वेगळी, बाहेर उलटलेल्यांची वेगळी. चमच्याच्या टोकाच्या पाकळ्या, लांब केसाळ 'स्पायडर', बटणाएवढ्या पॉम्पन. वर्गवारीच्या पाट्या लावणारी मुलं थंडीने बोटं चोळतायत. ज्याच्या-त्याच्या तोंडी फुलाचा आकार किंवा रंग असेल असं मला वाटत होतं. पण इथे सगळे तारखेबद्दल बोलतायत.

महानगरमधले एक निवृत्त गृहस्थ आपल्या पांढऱ्या फुलाच्या खालच्या पाकळ्या चिमट्याने काढतायत. त्या कडेला तपकिरी झाल्यात. फूल दहा दिवस आधी उघडलं. "ज़रा-सी जल्दी कर गई," ते म्हणतात, अगदी लखनवी अदबीने, जणू त्या फुलाची बदनामी होऊ नये. शेजारच्या बाईंचं उलटं आहे: फूल उद्या दुपारी पूर्ण उघडेल, आणि परीक्षक येणार सकाळी. त्या हेअर ड्रायर आणायचा विचार करतायत. माझ्या मते ही स्पर्धा फुलांची नाहीच. चार महिने आधी, श्रावणात, कात्री कुठल्या दिवशी थांबवली याची आहे.

याच संस्थेत शेवंतीचं हे ताठर घड्याळ सैल करायचं काम बरीच वर्षं चाललंय. शेंडा न खुडता आणि काडीचा आधार न देता आपोआप गोल भरून फुलणाऱ्या बुटक्या जाती इथे निघाल्या. आणि हिवाळा सोडून इतर ऋतूंत फुलणाऱ्याही: 'वर्षा', 'मेघदूत', 'वसंतिका' ही नावंच काय ते सांगतात. अशा जातींमध्ये रात्रीच्या लांबीची अट ढिली असते. माळ्याला त्या फारशा आवडत नाहीत. "जो जब चाहो खिल जाए, उसमें इंतज़ार क्या?" असं म्हणून तो पुढच्या कुंडीची टोपी काढतो. मी त्याच्याशी वाद घालत नाही. पण जुलैत शेवंती मिळाली तर मला चालेल.

परत येईपर्यंत ऊन पडलंय. फिकट, पण ऊन. निशातगंजच्या भाजीबाजारात एकदम जिवंतपणा आलाय: मटारचे ढीग, मुळे, मेथी, कुणीतरी गजकचे पुडे मांडलेत. फुलवाल्याकडे झेंडूच्या माळा नेहमीपेक्षा महाग आहेत. सहालग, म्हणजे लग्नसराई, संपत आलीय, तो म्हणतो; येत्या आठवड्यात खरमास लागेल, लग्नं बंद, मग हाच झेंडू निम्म्या भावाने देईन. खरमास म्हणजे सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण 15 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. झेंडू पिकवणारा शेतकरी पेरणीची तारीख या पंचांगाकडे बघून ठरवतो. फुलांच्या वेळेवर परिणाम करणाऱ्या गोष्टींच्या यादीत वनस्पतिशास्त्राची पुस्तकं उजेड, ऊब, पाणी लिहितात. मुहूर्त कुणी लिहीत नाही.

मावशी गच्चीवर खुर्ची टाकून बसलीय. समोर तानपुरा नाही, पण ओठांत काहीतरी चाललंय. ती लग्नाआधी नागपूरहून इथे भातखंडे महाविद्यालयात शिकायला आली आणि इथलीच झाली. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी 1926मध्ये ते सुरू केलं, तेव्हाचं मॅरिस कॉलेज. कुठला राग कुठल्या प्रहरी, याची घडी बसवून देणारा तो माणूस. मावशी अजून सकाळी संध्याकाळचा राग गुणगुणत नाही. आणि मी तसं काही गुणगुणले तर तिचा चेहरा बघण्यासारखा होतो. शेवंतीबद्दल तिचा जो संताप आहे, त्यात थोडा हाही भाग असावा. वेळ चुकली म्हणजे तिच्या लेखी सूरच चुकला.

गच्चीवर गुलाबही आहेत. तीन कुंड्या दिव्याकडच्या कठड्याला, तीन टाकीमागे. सहाही सारखेच फुललेत. गुलाबाला रात्रीच्या लांबीशी देणंघेणं नाही. त्याचं घड्याळ कात्रीत आहे. ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी, मग नवी फूट, आणि सहा-सात आठवड्यांनी फुलं. जानेवारीत संस्थेचं गुलाब आणि ग्लॅडिओलसचं प्रदर्शन असतं. त्यासाठी काही जण छाटणी मागे-पुढे करून दोन हप्ते पाडतात. धुक्यात मात्र गुलाबाची कळी चिकटते, बाहेरच्या पाकळ्या ओल्या राहून कुजतात आणि आतलं फूल उघडूच शकत नाही. मावशी अशी एक कळी बोटांनी सोडवते आणि फेकते.

कोपऱ्यात बोगनवेल आहे, हिरवीकंच आणि बिनफुलाची. "हिला काय झालं?" मी विचारते. "हिला तुझ्या मावशीचं प्रेम झालंय," मावशीच म्हणते. रोज पाणी. बोगनवेल ताण बसल्याशिवाय फुलत नाही. पाणी तोडावं लागतं, पानं मलूल होऊ द्यावी लागतात. माळी हे तिला दरवर्षी सांगतो. तिच्याने होत नाही.

आणि भिंतीलगत काळ्या प्लास्टिकच्या ट्रेंमध्ये हिवाळी रोपं: पेटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, कॅलेंडुला. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली, आता कुठे बसकी हिरवी चकती झालेली. यांचा बहर फेब्रुवारी-मार्चचा. किंवा असायचा. 2022चा मार्च, देशातल्या 1901पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरलेला, मावशीला चांगला आठवतो. "होळी 18 तारखेला होती. होळीला माझ्या पेटुनियाचा पार काडीकचरा झाला होता." पुढच्या वर्षी फेब्रुवारीनेच तसा विक्रम केला. ही रोपं एकहंगामी आहेत. उकाडा लागला की फुलणं सोडून बी धरायची घाई करतात आणि वाळतात. म्हणजे बहराची सुरुवात आपल्या हातात थोडीफार असते, शेवट अजिबात नाही. फुलं जास्त दिवस हवी असतील तर ती लवकर सुरू व्हायला हवीत.

माळी प्रदर्शनातून परत आलाय, चहाचा दुसरा ग्लास घेऊन. तो ट्रेंकडे बघतो, खाली ओट्याकडे बघतो, परत ट्रेंकडे.

"अम्माजी, इनको नीचे कर दें? बत्ती के नीचे?"

मावशीला वाटतं तो थट्टा करतोय. तो करत नाहीये. गेल्या वर्षी महानगरमधल्या एका बंगल्यात फाटकाच्या दिव्याखाली ठेवलेल्या पेटुनिया आतल्या वाफ्यांच्या आधी फुलल्या, त्याने बघितलंय. पेटुनियाचं गणित शेवंतीच्या उलट आहे: दिवस लांबला की ती लवकर फुलते, पॅन्झीही बरीचशी तशीच. जो उजेड शेवंतीला नाट लावतो तोच यांना घाई करतो. थंडी आहे तोवर फार फरक पडणार नाही, पण थंडी ओसरली की आठवडा-दोन आठवडे आधी कळ्या दिसायला हरकत नाही. आणि शेवंती वर टाकीमागे आणायची, संध्याकाळी पाचपासून सकाळपर्यंत काळोखात. कळ्या आहेतच, अडलेल्या आहेत इतकंच. जानेवारी संपता संपता फुलतील.

दिवा झाकायचं कुणाच्याही मनात येत नाही, हे मला बरं वाटतं. समोरच्या घरातली मुलगी कोचिंगवरून रात्री नऊला परत येते. त्या खांबाखाली स्कूटी लावते, कुलूप घालते, मग घरात जाते. मावशी तिच्या स्कूटीचा आवाज ऐकल्याशिवाय झोपत नाही. फुलांसाठी त्या दिव्याबद्दल तक्रार करणं तिला सुचलंही नसतं.

आता हलवाहलवी. प्रश्न मजुरीचा. माळी म्हणतो, कुंडीमागे पंधरा रुपये, जिना चढायचा आहे. मावशी म्हणते, उतरताना ट्रे नेशील, चढताना कुंडी आणशील, म्हणजे फेरी एकच झाली, दहा. तो म्हणतो, कुंडीत पाणी आहे, वजन बघा. ती म्हणते, पाणी तूच घातलंस सकाळी. हे बराच वेळ चालणार आहे. मधेच समोरच्या मुलीची आई गॅलरीतून ओरडून विचारते, ट्रे नेमके कुठे ठेवणार, कारण स्कूटी तिथेच लागते. मावशी म्हणते, भिंतीला लागून ठेवीन, पाव फूटभर. ती बाई म्हणते, "आंटी, पिछली बार भी पाव फुट ही बोला था आपने।"

शेवटी बारा रुपयांवर तडजोड होते, आणि मी पुण्याला गेल्यावर फुलणारी एक पिवळी कुंडी माझ्या नावाने राखून ठेवली जाते. तिचा फोटो येईल. माळी बाह्या सरसावतो आणि पहिला ट्रे माझ्या हातात देतो.

"दीदी, यह हल्का है।"

हलका अजिबात नाहीये.